गेलेली गादी आणि भरलेलं वंगण

कोकणात गुडघा दुखायला लागला की निदान बहुतेक वेळा घरच्या घरीच होतं: वंगण संपलं. मग उंडीचं तेल चोळून बघायचं, निगडीचा पाला शेकून बांधायचा, आणि त्यानं भागलं नाही की डॉक्टरांसमोर बसून म्हणायचं, "डाक्टरानू, इंजेक्शन मारा, पण कापू नकात." वंगणाची ही उपमा इतकी सोपी आहे की दवाखान्यातही तीच चालते. सुईतून वंगण भरायचं, गुडघा पुन्हा सुरू. पण ज्यांच्या गुडघ्यातला मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादी, आधीच काढलेला आहे, त्यांच्या बाबतीत ही उपमा फसवी ठरते. त्यांची खरी हरवलेली वस्तू वंगण नाही, गादी आहे.

असे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. आज साठी-सत्तरीत असलेला एखादा जुना कबड्डीपटू आठवून बघा. विशीत मैदानावर चढाई करताना पाय रोवलेला राहिला, अंग वळलं, आत काहीतरी 'कट्' झालं. किंवा पावसाळ्यात चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय निसटला. गुडघा सुजला, मग मध्येच अडकायला लागला, सरळ होईना. मुंबईत गिरणीत असलेल्या काकांच्या खोलीवर मुक्काम ठोकून मोठ्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं. घरी पत्र आलं, 'गादी फाटली होती, काढून टाकली, आता बरा आहे.' आणि तो खरंच बरा होता. पुढची पंधरा-वीस वर्षं घाटी चढला, भात लावायला उतरला, शिमग्याला पालखी नाचवली.

तेव्हाच्या डॉक्टरांना दोष देता येत नाही, कारण त्यांना शिकवलंच तसं होतं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये आतल्या आणि बाहेरच्या बाजूला चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चिवट गाद्या असतात. लंडनचे शल्यविशारद जॉन ब्लँड-सटन यांनी 1897 मध्ये त्यांना पायाच्या स्नायूचे बिनकामाचे अवशेष ठरवलं. अपेंडिक्ससारखंच: असलं तर असलं, त्रास दिला तर काढलं. गंमत म्हणजे त्याच्या आधीच, 1883 मध्ये, एडिंबरोच्या थॉमस ॲनांडेल यांनी सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली होती. पण दुरुस्तीचा तो धागा मागे पडला आणि पुढची कित्येक दशकं काढून टाकण्याचीच पद्धत रुळली.

पहिली ठोस शंका 1948 मध्ये छापून आली. टी. जे. फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासले, तेव्हा हाडाच्या कडेला कंगोरा उगवलेला, मांडीच्या हाडाचा गोल भाग चपटा होत चाललेला आणि दोन हाडांमधली फट अरुंद झालेली दिसली. आजही ऑर्थोपेडिकचे विद्यार्थी या तीन खुणा फेअरबँकच्या नावानं पाठ करतात. पुढे मोजमाप झालं तेव्हा कळलं की पाय सरळ असताना गुडघ्यावरचा सुमारे निम्मा भार या गाद्याच पेलतात, आणि गुडघा दुमडला की त्याहूनही जास्त. भात लावताना, मासळी निवडताना, चुलीपुढे उकिडवं बसताना हा दुमडलेला गुडघाच कामाला असतो. गादी गेली की तोच भार कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाच्या, छोट्याशा तुकड्यावर येतो. स्वीडनमध्ये 1998 मध्ये गादी काढून 21 वर्षं झालेल्या लोकांची तुलना तशाच वयाच्या इतरांशी केली, तेव्हा एक्स-रेवर संधिवाताच्या खुणा दिसण्याचा धोका चौदापट निघाला.

पंधरा-वीस वर्षं बरा असलेला आपला कबड्डीपटू चाळिशी-पंचेचाळिशीत पुन्हा लंगडायला का लागतो, ते इथे कळतं. बिल उशिरा आलं, एवढंच.

छोट्या छिद्रातून सांध्यात घालायच्या दुर्बिणीनं चित्र बदललं. टोकियोत केंजी ताकागी यांनी 1918 मध्ये मूत्राशय तपासायच्या नळीनं मृतदेहाचा गुडघा आतून पाहिला होता. त्याच परंपरेतल्या मासाकी वातानाबे यांनी 1962 मध्ये दुर्बिणीतून गादीचा फक्त फाटका भाग काढला, बाकीची तशीच ठेवली. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो, आतला भाग जवळजवळ कोरडा, म्हणून कडेची चीर शिवली तर सांधते आणि आतली सहसा सांधत नाही, हेही यथावकाश स्पष्ट झालं. 1984 मध्ये जर्मनीत दुसऱ्याची गादी बसवण्यापर्यंत मजल गेली. मात्र ज्यांची आधीच गेली होती, त्यांच्यासाठी उरली ती सुई.

सुईची कथा सुरू होते स्टिरॉइडपासून. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर 1948 मध्ये आमवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि काही दिवसांतच ती चालत बाहेर पडली. 1950 मध्ये या कामासाठी हेंच यांना, केंडल आणि राइखश्टाइन या रसायनशास्त्रज्ञांबरोबर, नोबेल मिळालं. पण रोज पोटात किंवा स्नायूत घ्यायच्या स्टिरॉइडचे दुष्परिणाम लवकरच दिसले, तेव्हा फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलँडर यांनी औषध थेट सांध्यात सोडून पाहिलं. कॉर्टिसोन तिथे फारसं चाललं नाही, कारण ते कामाचं व्हायला यकृतातून जावं लागतं. त्याचं थेट कामाचं रूप, हायड्रोकॉर्टिसोन, मात्र चाललं. 1951 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून सांध्यातली सुई हा जगभरच्या दवाखान्यांचा रोजचा उपचार झाला.

स्टिरॉइड सूज उतरवतं, वेदना काही आठवडे खरोखर कमी करतं. गुडघ्यात पाणी भरलं असेल तर ते काढून मग दिलेलं इंजेक्शन घेणाऱ्याला दैवी वाटतं. म्हणून तो तीन महिन्यांनी पुन्हा येतो. या पुन्हा येण्याचीच अमेरिकेत परीक्षा झाली. 140 जणांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड आणि निम्म्यांना, तुलनेसाठी, औषध नसलेलं नुसतं मिठाचं पाणी, असा तो प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनेत लक्षणीय फरक नव्हता, आणि स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा मात्र जास्त झिजली होती.

वंगणाची कथा याहून रंगतदार. 1934 मध्ये कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईबैलांच्या डोळ्यातल्या काचेसारख्या गरापासून एक चिकट पदार्थ वेगळा केला. काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हायलुरोनिक आम्ल नाव पडलं. निरोगी गुडघ्यातल्या द्रवाचा बुळबुळीतपणा याच पदार्थामुळे असतो. हंगेरीत जन्मलेले एंद्रे बालाझ यांनी तो कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध रूपात काढायची पद्धत बसवली. पहिले मोठे गिऱ्हाईक ठरले शर्यतीचे घोडे आणि मोतीबिंदूचे डोळे. माणसाच्या गुडघ्यासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली 1997 मध्ये. एकदाच घ्यायची एक सुई किंवा आठवड्याला एक अशा तीन-पाच सुया, आणि किंमत अशी की बागायतदारानंही एका हंगामाचे आंबे आठवावेत.

वंगण हा शब्द इथेच चिकटला. पण ते वंगण गुडघ्यात मुक्काम करत नाही. साधं असेल तर दिवसाभरात निघून जातं, रासायनिक दुवे जोडून जाड केलेलं थोडे जास्त दिवस राहतं. सहा महिने आराम पडला, तर तो काही टाकीत तेल शिल्लक असल्यामुळे नव्हे. अमेरिकी ऑर्थोपेडिक अकादमीनं 2013 मध्ये हे इंजेक्शन सुचवता येत नाही, असं सांगितलं. 2022 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मिठाच्या पाण्यापेक्षा फायदा निघाला, पण रुग्णाला जाणवेल एवढा नाही. हे सगळं असूनही ज्यांना बरं वाटतं त्यांना खरंच बरं वाटतं, आणि ते खोटं बोलत नसतात. मिठाचं पाणी हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत न कौतुकलेला गडी आहे. प्रत्येक सुईशी त्याची झुंज लावली गेली आणि प्रत्येक वेळी तो अपेक्षेपेक्षा चिवट निघाला.

पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, बिंबिका (रक्त गोठवणारे सूक्ष्म कण, प्लेटलेट) दाट झालेला भाग परत गुडघ्यात सोडणं, आधी दातांच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत वापरात होतं. 2009 मध्ये अमेरिकी फुटबॉलपटू हाइन्स वॉर्डनं मोठ्या सामन्याआधी ते घेतल्याची बातमी झाली आणि त्याला वलय आलं. 'स्वतःचंच रक्त, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य आता तालुक्याच्या ठिकाणीही ऐकू येतं. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 288 जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. समोर पुन्हा मिठाचं पाणी, आणि वर्षानंतर ना वेदनेत ठळक फरक, ना कूर्चेत.

गादी गेलेल्या गुडघ्याची अडचण मुळात भाराची आहे. आतल्या बाजूची गादी गेली की तीच बाजू झिजते, पाय हळूहळू कमानीसारखा वाकतो आणि वाकला की त्याच बाजूवर आणखी भार येतो. या चक्राला सुई हात लावत नाही. हाड कापून पायाची रेघ सरळ करणं, अर्धाच सांधा बदलणं, मांडीचे स्नायू घट्ट करणं, वजन उतरवणं हे उपाय त्या भारालाच हात घालतात. पूर्ण सांधा बदलणं आपल्याकडे 'वाटी बदलणं' म्हणून ओळखलं जातं, जरी वाटी बहुधा जागच्या जागीच असते. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्रानं कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातल्यापासून तो पर्याय थोडा जवळ आला.

तरीही सुईला तिची जागा आहे. गणपतीत मुंबईकर घरी येणार, पाच दिवस आरत्या, भजनं, माडीवर चढ-उतार, अशा वेळी श्रावणात घेतलेलं एक स्टिरॉइड इंजेक्शन सण पार पाडून देऊ शकतं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वर चढते, ती मोजत राहावी लागते. आणि दिवाळीच्या आधीच वाटी बदलायचा बेत असेल तर तो सुई घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगावा लागतो, कारण सुई आणि ऑपरेशन यांच्यात तीन महिन्यांपेक्षा कमी अंतर पडलं तर नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.