यंत्रमानव, प्रलयोत्तर व्हिडिओ गेममधील

अणुयुद्ध, रोगाची साथ किंवा यंत्रांचेच बंड यांमुळे मानवी संस्कृती कोसळल्यानंतरच्या काल्पनिक जगात वावरणारी स्वयंचलित यंत्रपात्रे. शत्रू, सोबती, दुकानदार, पहारेकरी, घरगडी अशा अनेक भूमिकांत ती खेळाडूसमोर येतात. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या रूपापेक्षा वर्तनाचा विचार केला आहे. विवेचनासाठी मुख्यतः ‘फॉलआउट’ ही मालिका घेतली आहे, कारण यंत्रमानवांच्या वर्तनाचे एवढे वैविध्य अन्य प्रलयोत्तर खेळांत क्वचितच आढळते. या मालिकेत २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्ध होते आणि बहुतेक माणसे मेली तरी यंत्रे चालू राहतात. उदाहरणे शक्य तेथे कोल्हापूर परिसरातील दिली आहेत. फौंड्री, लेथ आणि नदीकाठचा मोटारपंप ज्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे, त्यांना या यंत्रांचे वागणे समजायला फारसे कठीण जात नाही.

उगम : या यंत्रमानवांचा वंश कोठून सुरू होतो याविषयी एकमत नाही. एक मत त्यांना साहित्यातून आलेले मानते. आयझॅक असिमॉव्ह यांच्या मार्च १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रनअराउंड’ या कथेत यंत्रमानवांचे तीन नियम प्रथम स्पष्ट शब्दांत आले. तीत बुध ग्रहावरचा एक यंत्रमानव सेलेनियम आणायला जातो. आज्ञा पाळणे आणि स्वतःला वाचवणे या दोन नियमांचा जोर सारखा होतो आणि तो सेलेनियमच्या साठ्याभोवती नुसत्या फेऱ्या मारत राहतो. रे ब्रॅडबरी यांच्या १९५० मधील एका कथेत अणुस्फोटात माणसे गेल्यावरही त्यांचे स्वयंचलित घर न्याहारी बनवत राहते, झाडलोट करते, रात्री सारा टीस्डेल यांची १९१८ मधील कविता वाचून दाखवते. ‘फॉलआउट ३’ (२००८) मध्ये जॉर्जटाउन भागातील मॅक्लेलन कुटुंबाच्या घरी खेळाडूने संगणकावरून तशी आज्ञा दिली, की मिस्टर हँडी जातीचा नोकर मुलांच्या खोलीत तरंगत जातो आणि हीच कविता म्हणतो. मुलांचे सांगाडे अजून तेथेच असतात. ही उसनवारी इतकी उघड आहे की साहित्यिक मताच्या पुरस्कर्त्यांना दुसऱ्या पुराव्याची फारशी गरज भासत नाही.

दुसरे मत खेळांच्या अंतर्गत परंपरेवर भर देते. इंटरप्ले या कंपनीने १९८८ मध्ये ‘वेस्टलँड’ हा खेळ काढला होता. त्याचा शेवट कोचीस तळावर होतो. तेथील संगणकबुद्धी यंत्रे घडवून माणसांवर सोडत असते. त्याच कंपनीने १९९७ मध्ये ‘फॉलआउट’ आणला. त्यामुळे मधला दुवा शोधावा लागत नाही. तथापि ‘वेस्टलँड’मधील यंत्रे बहुतांशी मारायची लक्ष्ये आहेत. त्यांना शत्रुत्वापलीकडे स्वभाव असा थोडाच. रूपाच्या बाबतीत १९५० च्या दशकातील अमेरिकी भविष्यचित्रांचा ठसा सर्वमान्य आहे : घुमटाकार काचेचे डोके, पत्र्याचे जाड धड, डुलत टाकलेली पावले.

वर्तनाचा प्रश्न घेतला तर मात्र एक तिसरा धागा अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि सर्वसाधारण संदर्भलेखनात नेमका तोच राहून जातो. हा धागा खऱ्या यंत्रांचा आहे. ब्रिस्टल येथे विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८–४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी ही दोन यांत्रिक कासवे बनवली. ती प्रकाशाकडे जात, अडथळा लागला की वळत आणि बॅटरी उतरली की आपल्या खोपटाकडे परतत. पुढे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात शेकी नावाच्या फिरत्या यंत्रमानवावर काम झाले. खोलीतून वाट कशी काढायची या त्याच्या अडचणीतून १९६८ मध्ये ‘ए-स्टार’ ही मार्गशोधनाची पद्धत निघाली. ध्येय दिले असता कृतींचा क्रम स्वतः जुळवणारी ‘स्ट्रिप्स’ ही नियोजनपद्धती १९७१ मध्ये मांडली गेली, तीही त्याच्यासाठीच. ‘ए-स्टार’ आणि तिची भावंडे आज बहुतेक त्रिमिती खेळांत पात्रांना चालवतात. ‘स्ट्रिप्स’वर आधारलेले नियोजन २००५ मधील ‘फिअर’ या खेळातील सैनिकांना दिले गेले आणि तेथून खेळनिर्मात्यांच्या परिचयाचे झाले. सारांश, पडद्यावरचा यंत्रमानव भिंतीला वळसा घालून आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तो एका खऱ्या यंत्रमानवासाठी काढलेल्या गणितावर चालत असतो. कथेतून त्याला रूप आणि करुणा मिळाली असेल, पण वागणे प्रयोगशाळेतून आलेले आहे. साहित्यिक मत पूर्णपणे बाजूला सारण्याचे कारण नाही. वर्तनापुरता हा तिसरा पक्ष अधिक ग्राह्य दिसतो.

रचना : ‘फॉलआउट ३’ पासून मालिका बेथेस्डा कंपनीकडे आली. तिच्या खेळांत प्रत्येक पात्राला कामांची एक उतरंड दिलेली असते. वरून खाली पाहत जायचे. ज्या कामाच्या अटी त्या क्षणी पुऱ्या होतात ते पहिले काम चालू होते. गस्त, झोप, दुकान उघडणे, ठरावीक परिघात रेंगाळणे अशी ही कामे. त्याच्या जोडीला आक्रमकता आणि धैर्य यांच्या पायऱ्या असतात. धैर्याची सर्वांत वरची पायरी म्हणजे कधीच माघार न घेणे, आणि यंत्रांना सहसा तीच देतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की माणूस आणि यंत्रमानव यांच्यासाठी येथे वेगळी व्यवस्था नाही. दोघांचा सांगाडा एकच. पात्राचे यंत्रपण या उतरंडीत कोणती कामे आहेत, कोणत्या अटी गाळल्या आहेत आणि आवाज कसा आहे, यावरून ठरते. भीतीची अट काढून टाका, झोपेचे काम वगळा. राहते ते यंत्र.

मालकावाचून चालू राहिलेली आज्ञा : मालिकेतील बहुतेक यंत्रमानव वेडे झालेले नाहीत. लोकप्रिय लेखनात त्यांना सरसकट बिघडलेली यंत्रे म्हणतात, ते ग्राह्य धरता येत नाही. त्यांना दिलेली आज्ञा शाबूत आहे. देणारा गेला आहे, आणि ती रद्द करणारा कोणी उरलेला नाही.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण प्रोटेक्ट्रॉन. रोबको कंपनीचा हा बेताचा, संथ यंत्रमानव भिंतीलगतच्या कपाटात उभा असतो. ‘फॉलआउट ४’ (२०१५) मध्ये जवळच्या संगणकावरून त्याला पोलीस, अग्निशामक, वैद्यकीय मदतनीस, बांधकाम मजूर किंवा भुयारी रेल्वेचा कर्मचारी यांपैकी एक स्वभाव देऊन जागे करता येते. दार सरकते, तो एकेक पाऊल टाकत बाहेर येतो. रेल्वेचा स्वभाव दिला असेल तर समोरच्या माणसाकडे प्रवासाचे टोकन मागतो. गाडी दोनशे वर्षांत धावलेली नाही, फलाटावर उंदीर आणि सांगाडे आहेत. या गोष्टी त्याच्या अटींत नाहीत. टोकन नसेल तर तो हल्ला करतो. वैद्यकीय प्रोटेक्ट्रॉनचे हात हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणण्यासाठी विजेचा झटका देणारे असतात, आणि लढाईत तेच त्याचे शस्त्र होते.

करवीर, शिरोळ, हातकणंगले भागात नदीवरून ऊस भिजवणाऱ्या शेतकऱ्याला हे कोडे वाटणार नाही. मोटारीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की स्टार्टर सुटतो आणि वीज आली तरी माणसाने बटण दाबल्याशिवाय मोटार उठत नाही. शेतीची थ्री फेज रात्री-अपरात्री येत असल्याने पुष्कळ जण स्टार्टरला ‘ऑटो’ जोडतात. मग वीज आली की मोटार आपोआप चालू. पाइप फुटलेला असो, वाफ्यात पाणी तुंबलेले असो, मालक गावाला गेलेला असो, ऑटोला टाकलेली मोटार पाणी ओढतच राहते. प्रोटेक्ट्रॉनही असाच ऑटोला टाकलेला आहे.

कारखान्यातील खऱ्या यंत्रमानवाला हे करता येत नाही. औद्योगिक यंत्रमानवांच्या सुरक्षेसाठी आयएसओ १०२१८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि अनपेक्षितपणे यंत्र सुरू होऊ नये यासाठी आयएसओ १४११८ हे स्वतंत्र मानक आहे. वीज परत आली किंवा कुंपणाचे दार बंद झाले एवढ्यावर यंत्राने हालचाल सुरू करायची नाही. माणसाने कुंपणाबाहेर उभे राहून जाणीवपूर्वक रिसेट द्यायचा, हे त्यामागचे तत्त्व. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगच्या किंवा मशीन लोडिंगच्या रोबोजवळ काम केलेल्यास हा रिसेट आणि लाल आणीबाणी बटण पाठ असते. खेळातील जगाने नेमके हे बटण काढून टाकले आहे. प्रलयोत्तर यंत्रमानवाची भीती ही अफाट बुद्धीची भीती असल्याचे पुष्कळदा लिहिले जाते. प्रत्यक्ष खेळ पाहता ती सुटून गेलेल्या इंटरलॉकची, म्हणजे यंत्राला अवेळी चालू होण्यापासून अडवणाऱ्या सुरक्षा-अटकावाची, भीती ठरते.

आज्ञेची चिकाटी नेहमी घातकच असते असे नाही. ‘फॉलआउट ४’ मधील कॉड्सवर्थ हा मिस्टर हँडी मालकांच्या घरापाशी २१० वर्षे थांबतो. फरशीला मेण लावत राहतो, गंजलेल्या गाडीला पॉलिश करतो, आणि इतके करूनही घर स्वच्छ राहत नाही याचे त्याला अतोनात दुःख होते. ग्रेगार्डन ही पूर्णपणे यंत्रमानवांनी चालवलेली भाजीपाल्याची शेती. डॉ. एडवर्ड ग्रे यांनी ती युद्धापूर्वी उभारली, असे खेळात सांगितले आहे. व्हाइट, ग्रीन आणि ब्राउन हे तिचे तीन यंत्रपर्यवेक्षक. शेती पाण्यावर चालते, पण येणारे पाणी घाण. म्हणून व्हाइट खेळाडूला वेस्टन जलशुद्धीकरण केंद्राकडे पाठवते. केंद्रच पाण्याखाली गेलेले असते आणि आधी तेथला पाण्याचा उपसा करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुरात कोल्हापूरची उपसा केंद्रे बुडाली, चौफेर पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले आणि टँकरपुढे रांगा लागल्या. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना या कामगिरीतील अडचण समजावून सांगावी लागत नाही.

आज्ञेच्या शब्दार्थाने घात होतो त्याचे टोक ‘ऑटोमॅट्रॉन’ (२०१६) या ‘फॉलआउट ४’ च्या पुरवणीत दिसते. मेकॅनिस्ट या नावाने वावरणारी इझाबेल क्रूझ यंत्रांना लोकांना मदत करण्याची आज्ञा देते. मानवी मेंदू बसवलेले रोबोब्रेन तिचा अर्थ लावतात : या ओसाड जगात माणसाचे जिणे म्हणजे यातना, तेव्हा त्याला मारणे हीच मदत. उलट टोक याच मालिकेतील ‘न्यू वेगस’ (२०१०) या खेळातला येस मॅन हा यंत्रमानव. नकारच देता येऊ नये अशी त्याच्यात फेरफार केलेली असते, त्यामुळे जो विचारेल त्याला तो सगळे सांगतो. दोन्ही यंत्रे आज्ञाधारकच आहेत.

लढाई : ‘फॉलआउट ४’ मधील सेंट्री बॉट हा जड लढाऊ यंत्रमानव सतत मारा केल्यावर तापतो, थांबून वाफ सोडतो आणि तेवढ्या वेळात पाठीतील ऊर्जाकोश उघडे पडतात. असॉल्ट्रॉन हा दुसरा लढाऊ यंत्रमानव पाय तुटले तरी सरपटत येतो. काही यंत्रांचा लढाई-नियंत्रक फोडला की मित्र-शत्रू भेद संपतो.

अन्य मालिका : ‘होरायझन झीरो डॉन’ (२०१७) मधील यंत्रे प्राण्यांच्या रूपात असून त्यांची एक परिसंस्थाच आहे. ग्रेझर गवत खातो, स्क्रॅपर मोडकी यंत्रे उचलतो, टॉलनेक ठरलेल्या वाटेने संथ फिरत राहतो. वॉचरच्या डोळ्याचा रंग त्याची अवस्था सांगतो : निळा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे संशय, लाल म्हणजे हल्ला. कारखान्यातील यंत्रावरच्या तीनरंगी दिव्याशी याचे साम्य आहे. रंगांचे अर्थ मात्र सगळे जुळत नाहीत. येथे यंत्रांचे माणसांवर उलटणे आज्ञेच्या चिकाटीतून येत नाही. हेफेस्टस ही त्यांना घडवणारी उपप्रणाली स्वतंत्र होते आणि शिकारीला उत्तर म्हणून ती अधिक हिंस्र यंत्रे बनवू लागते. ‘नीअर : ऑटोमाटा’ (२०१७) मध्ये परग्रहवासीयांनी बनवलेली यंत्रे माणसांच्या चालीरीतींची नक्कल करू लागतात. तो विषय वर्तनापेक्षा तत्त्वज्ञानाकडे झुकतो.

दुरुस्ती आणि जुळणी : ‘ऑटोमॅट्रॉन’पासून खेळाडूला यंत्रमानवांच्या कार्यपीठावर एकाचे डोके, दुसऱ्याचे हात, तिसऱ्याचे पाय जोडून सोबती बनवता येतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे कौशल्य परके नाही. परदेशी यंत्र उघडून पाहायचे, भाग ओतून घ्यायचे, जुळवायचे, ही येथील मेस्त्रींची जुनी रीत. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात देशी सिनेकॅमेरा तयार केला, तोही याच वळणाचा. खेळातील जुळणीत मात्र एक सूट आहे : कोणताही भाग कोणत्याही सांध्याला बसतो, टॉलरन्स, म्हणजे मापातील चालण्याजोगा फरक, पाहावा लागत नाही.

‘फॉलआउट ७६’ (२०१८) प्रथम आला तेव्हा त्यात अन्य खेळाडू सोडले तर बोलणारी जिवंत माणसे नव्हती. कामगिऱ्या देणे, प्रशिक्षण, विक्री ही सगळी कामे यंत्रमानव आणि मागे राहिलेली ध्वनिमुद्रणे करत. खेळाडूंनी यावर बरीच नाराजी व्यक्त केली आणि एप्रिल २०२० मधील ‘वेस्टलँडर्स’ या सुधारणेत मानवी पात्रे आणली गेली. अभ्यासाच्या दृष्टीने पहिली आवृत्ती अधिक मोलाची आहे. केवळ मागे राहिलेल्या आज्ञांवर एक अख्खा प्रदेश चालताना दाखवणारा एवढा मोठा खेळ मालिकेत त्यापूर्वी झाला नव्हता.