स्टीलच्या गाडीला रंग कशाला लागला?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगवाल्याला स्टेनलेस स्टील रंगवायला सांगून बघा, तो आधी कपाळाला आठ्या घालेल. स्टीलच्या गेटला मारलेला ऑइलपेंट थोड्याच दिवसांत सालपटं टाकतो, हे त्याने पाहिलेलं असतं. स्टीलमधलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पत्र्यावर अतिशय पातळ पापुद्रा धरतं. त्यामुळे गंज चढत नाही, पण रंगही नीट बसत नाही.

गंजच नाही तर रंग कशाला, या हिशेबावरच स्टीलच्या गाड्या निघाल्या. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलेघेनी (पुढे अ‍ॅलेघेनी लडलम) या पोलाद कंपनीने फोर्डच्या साथीने स्टेनलेसच्या सहा गाड्या केल्या. त्या आपल्या मालाची जाहिरात म्हणून होत्या, विक्रीसाठी नव्हेत.

बाजारात आली ती डीलोरियन ही स्पोर्ट्सकार. जॉर्जेतो ज्युजारोचं डिझाइन, वर उघडणारे दरवाजे, फायबरग्लासच्या सांगाड्यावर बसवलेला ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा, घासून रेषा पाडलेला पत्रा. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टजवळच्या डनमरीत १९८१-८२ मध्ये सुमारे ९ हजार गाड्या तयार झाल्या आणि कंपनी बुडाली. गाडी कुणाचीही असो, दिसायला सारखीच. त्यामुळे काही डीलरांनी गिऱ्हाइकासाठी लाल, काळा असे रंग मारून दिले.

पण खरी अडचण पोचा आल्यावर व्हायची. साध्या गाडीला लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरली, घासली, वर रंग मारला की झालं. इथे लांबी उघडीच दिसणार. पोचा ठोकून तंतोतंत सपाट झाला नाही, तर पॅनेलच बदला, नाहीतर रंगवा. म्हणून रंगवलेली डीलोरियन समोर आली, तर मी किमतीआधी खाली लांबी किती, ते विचारेन.

रंगवायचंच तर तेलकटपणा काढून पॉलिश पेपरने पत्रा खरखरीत करावा लागतो, वर एपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. उद्या रंग उतरवायची वेळ आली, तर मूळ रेषा पुन्हा आणाव्या लागतात, त्याही एकाच दिशेने. साध्या लोखंडी तारेचा ब्रश वापरला, तर त्याचे कण पत्र्यात रुतून तेच गंजतात.

रेषांच्या दिशेने काय फरक पडतो, हे एका मिस्त्रीने मला जेवणाच्या डब्यावर दाखवलं. झाकणावर घासणीचे गोल-गोल चरे होते. त्याने हिरवी घासणी घेऊन अर्ध्या झाकणावर सरळ ओढली आणि डबा दारातल्या उन्हात तिरका धरला. म्हणाला, "आता सांगा, ह्या दोन्ही बाजू एका डब्याच्या वाटतात का?"