कंट्रोलसह खालचा बाण आणि कंट्रोलसह एंड

कापसाचा हंगाम लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीची नोंद एक्सेलमध्ये होते, आणि नोंद ठेवणाऱ्या मुलांना मला सर्वाधिक वेळा समजावून सांगावा लागतो तो या दोन शॉर्टकटमधील फरक. दोन्ही शेवटी नेतात हे खरे. पण कशाच्या शेवटी, हे ठाऊक नसेल तर हिशेब चुकतो.

कंट्रोल धरून खालचा बाण दाबला की कर्सर त्याच कॉलममध्ये सलग भरलेल्या सेलपैकी शेवटच्या सेलवर थांबतो. समजा, वजनाच्या कॉलममध्ये २ पासून २१३ व्या ओळीपर्यंत नोंदी आहेत, परंतु कापूस ओला निघाल्याने एक गाडी परत गेली आणि १४८ व्या ओळीत वजन लिहिलेच गेले नाही. अशा वेळी कर्सर १४७ वर थांबतो. सोबत शिफ्ट धरून निवड केली असेल, तर खालच्या पट्टीत दिसणारी बेरीज १४६ गाड्यांचीच असते आणि पुढच्या ६५ गाड्यांचे क्विंटल कोणतीही सूचना न मिळता गळून जातात. बाण पुन्हा दाबल्यास कर्सर १४९ वर, आणखी एकदा दाबल्यास २१३ वर आणि त्यानंतर थेट १०,४८,५७६ व्या, म्हणजे शीटच्या अखेरच्या ओळीवर जातो. म्हणून परत गेलेल्या गाडीपुढे शून्य लिहावे, असे माझे मत आहे. मात्र सरासरी काढताना ते शून्यही मोजले जाते, हे विसरू नये.

कंट्रोलसह एंड दाबल्यावर कॉलमचा संबंध उरत नाही. शीटमध्ये वापरलेली शेवटची ओळ आणि शेवटचा कॉलम जेथे मिळतात, त्या सेलवर कर्सर जातो, मग तो सेल रिकामा का असेना. हंगामाच्या आरंभी कोणी १,००० ओळींना चौकटी आखून ठेवल्या असतील, तर एक्सेल त्याही वापरलेल्या धरते आणि कर्सर हजाराव्या ओळीवर नेते. छपाईत कोरी आखीव पाने निघतात तीही याच कारणाने. डिलीट दाबून केवळ मजकूर जातो, चौकटी राहतात. त्या जादा ओळीच काढून फाइल सेव्ह करावी लागते.

शेवटची खरी नोंद शोधायची असेल, तर कंट्रोलसह जी दाबून वजनाच्या कॉलममधील १०,४८,५७६ व्या ओळीचा पत्ता द्यावा आणि तेथून कंट्रोलसह वरचा बाण दाबावा. मध्ये कितीही सेल रिकामे असले तरी कर्सर २१३ वरच येऊन थांबतो.