२१ वरून २२ वर : साइट चढवण्याच्या वाटेची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेत हळदीचे व्यापारी, बेदाण्याचे कोल्ड स्टोरेजवाले, तंतुवाद्यांचे कारागीर, क्लासेस अशा कितीतरी जणांच्या वेबसाइट दहा-पंधरा वर्षं जुन्या आहेत. बहुतेक ओळखीतल्या कुणा मुलाने करून दिलेल्या. तो मुलगा आता पुण्याला किंवा बंगळूरला. मागे उरते ती वहीतली एक ओळ : होस्टिंगचं (साइट ज्यांच्या संगणकावर ठेवलेली असते त्या कंपनीचं) नाव, युजरनेम, पासवर्ड आणि शेजारी 'एफटीपी' हा शब्द, म्हणजे त्या संगणकावर फाइली चढवायची पद्धत. अलीकडे अनेक होस्टिंगवाल्यांनी साधं एफटीपी बंद केलं आहे. मग मला फोन येतो, "अहो, दिवाळीपर्यंत फोटो चढत होते. पासवर्ड तोच आहे, मग आता आत का घेत नाही?"

याचं उत्तर द्यायला १९७१ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये अभय भूषण यांनी फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा लिहिला. प्रोटोकॉल म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम. इंटरनेटच्या नियमांचे मसुदे 'आरएफसी' म्हणून क्रमांकाने ओळखले जातात, त्यातला हा ११४ वा. भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, पुढे अमेरिकेत एमआयटीत गेलेले. आपल्याकडच्या संगणकाच्या वर्गात एफटीपीची व्याख्या पाठ करून घेतात, पण हे नाव सांगत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा इंटरनेट नव्हतं, त्याच्या आधीचं अर्पानेट हे अमेरिकेतलं जाळं होतं. त्यावर विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे मोजकेच संगणक होते. अडचण अशी की एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. कुठल्या यंत्रात ३६ बिटांचा शब्द, कुठल्यात ३२ बिटांचा. अक्षरांचे सांकेतिक क्रमांकही आयबीएमचे वेगळे आणि बाकीच्यांचे वेगळे. म्हणून फाइल पाठवताना आधी सांगावं लागे की हा मजकूर आहे, समोरच्या यंत्राच्या पद्धतीने बदलून घ्या. किंवा हे नुसते बिट आहेत, जसेच्या तसे ठेवा. टेक्स्ट आणि बायनरी हे दोन मोड तिथून आले.

दुसरी गोष्ट दोन जोडण्यांची. एफटीपीत आज्ञा एका जोडणीवरून जातात आणि फाइल दुसऱ्या. व्यापारी फोनवर बोलून ठरवतो आणि माल टेम्पोतून वेगळा येतो, तसं. बोलणं पोर्ट २१ वर चालतं. पोर्ट म्हणजे संगणकाच्या दाराचा क्रमांक, प्रत्येक कामाला वेगळा. मालासाठी मुळात २० ठेवला होता. 'ट्रान्सफर कम्प्लीट'च्या आधी दिसणारा २२६ किंवा पासवर्ड चुकल्यावर येणारा ५३० हे आकडे त्या बोलण्यातले. सुरुवातीच्या काळात ईमेलही याच वाटेने जायचा. त्याला स्वतःचा वेगळा प्रोटोकॉल १९८२ मध्ये मिळाला. पुढच्या वर्षी, १ जानेवारी १९८३ ला, अर्पानेट टीसीपी-आयपीवर, म्हणजे आजचं इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांवर, गेलं. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये आरएफसी ९५९ आला, आणि आजही एफटीपीचा मूळ आधार तोच आहे.

म्हणजे वेब जन्माला आलं तेव्हा ही सोय आधीपासून तयार होती. वेबने पानं वाचायची सोय केली. पानं सर्व्हरवर ठेवायची कशी, याला हाताशी असलेलं उत्तर एफटीपी हेच होतं. 'पब्लिक एचटीएमएल' नावाच्या फोल्डरात फाइली टाकल्या की साइट दिसू लागायची.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सुरू केलं, तेही मोठ्या शहरांत. सांगलीत आम्ही शिकलो ते त्यानंतर काही वर्षांनी, डायल-अपवर. घरातला फोन त्या वेळात अडकलेला असायचा. दोनशे केबीचा फोटो चढवणं म्हणजे मोठं काम, म्हणून आम्ही फोटो आधी जमेल तितके लहान करून घ्यायचो.

त्या काळात मराठी साइट चढवणं इंग्रजी साइटपेक्षा अवघड होतं, आणि हे कुठे लिहून ठेवलेलं फारसं दिसत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळलं नव्हतं. मराठी मजकूर म्हणजे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक. त्यावर मराठी फॉन्टचं रूप चढवलेलं. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसेल तर पानभर अर्थहीन रोमन अक्षरं आणि चिन्हं. म्हणून पानांसोबत फॉन्टची फाइलही सर्व्हरवर ठेवायची, म्हणजे ब्राउझर ती उचलून घेईल. एका हळद व्यापाऱ्याच्या साइटला मी हे सगळं नीट केलं, तरी पान वाचता येईना. दोन रात्री गेल्या. शेवटी सर्व्हरवरच्या फॉन्टचा आकार माझ्या संगणकावरच्यापेक्षा काही बाइटनी कमी दिसला, तेव्हा कळलं. विंडोजच्या काळ्या खिडकीतली एफटीपीची आज्ञा सांगितलं नाही तर टेक्स्ट मोड धरते. विंडोजमध्ये ओळ दोन चिन्हांनी संपते, युनिक्समध्ये एका. सर्व्हरने फॉन्टलाही मजकूर समजून, जिथे ती दोन चिन्हं योगायोगाने शेजारी आली तिथलं एक काढून टाकलं होतं. मी 'बायनरी' टाइप करायला विसरलो होतो. १९७१ च्या वेगवेगळ्या यंत्रांसाठी केलेली सोय आमच्या मराठी अक्षरांवर अशी उमटली.

दोन जोडण्यांचीही पुढे अडचण झाली. मुळात फाइलसाठीची जोडणी सर्व्हर उलट आपल्याकडे करायचा. घरोघरी राउटर आले, नको ती जोडणी अडवणाऱ्या फायरवॉल आल्या आणि बाहेरून येणारी जोडणी दारातच अडू लागली. लॉगिन होतं, पण फाइलींची यादी येत नाही, ही तक्रार बऱ्याचदा त्यातली. उपाय 'पॅसिव्ह' मोड : दोन्ही जोडण्या आपणच करायच्या.

पण एफटीपी मागे पडलं ते पासवर्डमुळे. युजरनेम, पासवर्ड, फाइल, सगळं तारेवरून उघडं जातं. मोजक्या, एकमेकांना ओळखणाऱ्या संस्थांच्या जाळ्यात हे खपून गेलं, आणि मी त्या लोकांना दोष देणार नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी असेच पासवर्ड टिपले. त्यावर तिथल्या तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, ज्यात सगळं बोलणं कूटबद्ध जातं. त्यांना टेलनेट (दूरच्या संगणकावर बसल्या जागेवरून काम करायची जुनी सोय) आणि एफटीपी दोन्हींची जागा घ्यायची होती. टेलनेटचा पोर्ट २३, एफटीपीचा २१, मधला २२ रिकामा होता. तोच त्यांनी मागून घेतला. एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत एसएफटीपी, म्हणजे त्याच कूटबद्ध वाटेने फाइली पाठवायची सोय, आलं.

इथे नावाने फार गोंधळ होतो. एफटीपीएस म्हणजे जुनंच एफटीपी, त्यावर ब्राउझरच्या कुलपासारखं संरक्षण. त्याचा नियम २००५ मध्ये आरएफसी ४२१७ म्हणून आला. एसएफटीपी हा पूर्ण वेगळा प्रोटोकॉल, एकाच जोडणीवर चालणारा. म्हणून एकाची सेटिंग दुसऱ्याला लागत नाही.

आपल्याकडे हा धोका पटला तो २००९ च्या सुमारास. गम्बलर नावाचा व्हायरस त्या वर्षी जगभर पसरला. तो संगणकावरून एफटीपीचे पासवर्ड चोरायचा आणि त्या पासवर्डने साइटच्या पानांत आपला कोड घालायचा. त्याच सुमारास मी सांभाळत असलेल्या एका क्लासच्या साइटवर पालकांना व्हायरसची सूचना दिसू लागली. सगळ्या पानांच्या शेवटी एक अनोळखी ओळ होती. मी पानं साफ केली, दुसऱ्या दिवशी ती ओळ परत आली, कारण पासवर्ड मी बदलला नव्हता आणि तो ऑफिसच्या संगणकात साठवलेला होता. एवढ्यासाठी सांगतो : एसएफटीपी वाटेतली चोरी थांबवतं. आपल्याच यंत्रात व्हायरस असेल तर तेही पुरत नाही.

२०२१ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरनी एफटीपी काढून टाकलं. होस्टिंगवाल्यांचा निर्णय त्याच ओघातला आहे.

फोन करणाऱ्यांना मी फाइली चढवायच्या प्रोग्रॅममध्ये प्रोटोकॉल एसएफटीपी निवडायला आणि पोर्टच्या चौकटीत होस्टिंगवाल्याने दिलेला आकडा, बहुधा २२, घालायला सांगतो. पहिल्यांदा जोडताना अक्षर-आकड्यांची एक लांब ओळ दाखवून 'या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का' असं विचारलं जातं. साध्या एफटीपीने हा प्रश्न कधी विचारला नव्हता, त्यामुळे लोक घाबरतात किंवा न वाचता 'हो' दाबतात. ती सर्व्हरची ओळख आहे. होस्टिंगवाल्याकडून मिळालेल्या ओळीशी ती ताडून पाहावी आणि त्याच वहीत, 'एफटीपी' खोडून, तारखेसह लिहून ठेवावी. पुढे कधी ती ओळ अचानक बदललेली दिसली, तर पासवर्ड टाकण्याआधी होस्टिंगवाल्याला फोन करावा.