ना काळा, ना पांढरा : डायोराइट

ग्रॅनाइट आणि बॅसॉल्ट ही नावे शाळेपासून कानावरून गेलेली असतात. या दोघांच्या मधोमध बसणाऱ्या डायोराइटची फारशी कोणी दखल घेत नाही. पाठ्यपुस्तकात त्याला एखादी ओळ मिळते, बाजारात तर त्याचे स्वतःचे नावही राहत नाही. तरीही, आपण ज्या भूमीवर उभे आहोत ती कशी घडली हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात याच खडकापासून करावी, असे मला वाटते. पृथ्वीवरच्या सगळ्या खंडांचे कवच एकत्र करून त्याची सरासरी काढली, तर सिलिकाचे, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचे, प्रमाण सुमारे ६० टक्के भरते. बॅसॉल्टमध्ये ते ५० टक्क्यांच्या आसपास असते आणि ग्रॅनाइटमध्ये ७० टक्क्यांच्या. म्हणजे रासायनिक हिशेबाने आपले खंड सरासरीने डायोराइटच्या गटात येतात.

ताजा फोडलेला डायोराइट हातात घेतला की आधी दिसते ती त्याची कबरी अंगकांती. पांढरट-राखाडी कण आणि काळे-हिरवट कण एकमेकांत घट्ट गुंतलेले, आणि बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येतील इतके मोठे. पांढरट कण असतात प्लॅजिओक्लेज फेल्स्पारचे. सोडियम आणि कॅल्शियम ही दोन्ही मूलद्रव्ये सामावून घेणारे हे खनिज खडकाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापते. काळ्या कणांत मुख्य वाटा हॉर्नब्लेंडचा. लांबट, चकचकीत स्फटिकांमुळे ते लगेच ओळखू येते. त्याच्या जोडीला कृष्णाभ्रकाचे पापुद्रे असतात, कधी पायरोक्सीन असते. मॅग्नेटाइट, अ‍ॅपेटाइट, झिरकॉन ही खनिजे अगदी किरकोळ प्रमाणात आढळतात. झिरकॉन मात्र आकाराने बारीक असले तरी मोलाचे असते. त्यात अडकलेल्या युरेनियमचे हळूहळू शिशात रूपांतर होत जाते आणि त्यावरून खडकाचे वय काढता येते.

डायोराइटमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते. फिकट खनिजांमध्ये क्वार्ट्झ ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो डायोराइट, ५ ते २० टक्के असेल तर क्वार्ट्झ डायोराइट, आणि त्याहून पुढे गेले की टोनालाइट, ग्रॅनोडायोराइट अशी नावे सुरू होतात. माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मुलांना यातले थोडे आधीच ठाऊक असते. त्या खेळात डायोराइटमध्ये क्वार्ट्झ मिसळले की ग्रॅनाइट तयार होतो. खरी भूशास्त्रीय प्रक्रिया इतकी सरळ नसली तरी वर्गीकरणाची दिशा तीच आहे. दुसऱ्या बाजूची सीमा गॅब्रो या गडद खडकाशी आहे आणि ती ओळखणे जास्त कठीण. प्लॅजिओक्लेजमध्ये कॅल्शियमचा वाटा निम्म्याहून जास्त असेल तर तो गॅब्रो, कमी असेल तर डायोराइट. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक काप करून तो ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, नाहीतर रासायनिक विश्लेषण करावे लागते.

आता त्याच्या जन्माकडे वळू. डायोराइट हा पातालीय अग्निज खडक आहे. म्हणजे शिलारस जमिनीवर न येता खोलवरच गोठला की तो तयार होतो. पण शिलारस तर अनेक ठिकाणी तयार होतो. मग याच प्रकारचा शिलारस कुठे आणि का?

याचे उत्तर पाण्याशी जोडलेले आहे. महासागराच्या तळाचा भूपट्ट जेव्हा दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो, तेव्हा तो एकटा खाली जात नाही. लाखो वर्षे समुद्राखाली राहिल्यामुळे त्याच्यातल्या खनिजांत पाणी बांधले गेलेले असते. भूपट्ट खोल जातो तसे तापमान आणि दाब वाढतात, ही खनिजे मोडतात आणि पाणी सुटे होऊन वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, शिरते. साधारण १०० किलोमीटर खोलीवर प्रावरण तप्त असते, पण घन असते. पाणी मिसळताच त्याचा वितळणबिंदू काही शे अंश सेल्सिअसने खाली येतो. बर्फावर मीठ टाकल्यावर तापमान न वाढवताही बर्फ वितळू लागतो, तसाच हा प्रकार. बाहेरून उष्णता न देता प्रावरणाचा काही भाग द्रवरूप होतो.

हा पहिला शिलारस अजून डायोराइटचा नसतो, तो बॅसॉल्टच्या जातीचा असतो. आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका असल्यामुळे तो वर चढतो आणि खंडीय कवचाच्या तळाशी किंवा कवचातच अडखळतो. तिथे थंड होताना सगळी खनिजे एकदम गोठत नाहीत. नॉर्मन बोवेन या भूशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत प्रयोगशाळेतल्या भट्ट्यांमध्ये हा क्रम उलगडून दाखवला. आधी ऑलिव्हिन, मग पायरोक्सीन अशी लोह-मॅग्नेशियमने भरलेली, सिलिका कमी असलेली खनिजे स्फटिकरूप होतात. ती जड असल्याने द्रवापासून वेगळी होतात. त्यामुळे उरलेल्या द्रवात लोह-मॅग्नेशियम घटते आणि सिलिकाचे प्रमाण वाढत जाते. ते ५२ ते ६३ टक्क्यांच्या टप्प्यात असताना द्रव गोठला तर डायोराइट हाती येतो. हाच द्रव ज्वालामुखीतून बाहेर पडला तर झपाट्याने थंड होऊन बारीक कणांचा अँडेसाइट होतो. रसायन एकच, गोठण्याची जागा वेगळी. खाली कित्येक किलोमीटर खडकाच्या पांघरुणाखाली गोठायला हजारो ते लाखो वर्षे मिळतात, म्हणून डायोराइटचे स्फटिक मोठे होतात.

खनिजे अशी वेगळी होत जाणे हा डायोराइट घडण्याचा एकच मार्ग नाही. वर चढणारा तप्त बॅसॉल्टी शिलारस भोवतालच्या खंडीय खडकाला वितळवून पोटात घेऊ शकतो, किंवा आधीच तयार असलेल्या ग्रॅनाइटी शिलारसात घुसून मिसळू शकतो. या मिश्रणाचा पुरावा ग्रॅनाइटच्या कड्यांवर चक्क दिसतो. फिकट खडकात मुठीएवढे, कधी त्याहून मोठे, गोलसर काळपट डाग असतात. त्यांतले बरेचसे डायोराइटच्या घडणीचे असतात. दोन शिलारस शेजारी आले, पण पूर्ण एकजीव होण्याआधीच गोठले, हे त्यांच्या पिळवटलेल्या कडा सांगतात.

पाण्याची खूण तयार खडकातही उरते. हॉर्नब्लेंडच्या स्फटिकरचनेत वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी हायड्रॉक्सिलच्या रूपात बांधलेले असते आणि कोरड्या शिलारसातून हे खनिज तयारच होत नाही. डायोराइटमधला प्रत्येक काळा हॉर्नब्लेंड सांगतो की ज्या शिलारसातून तो आला तो पाण्याने समृद्ध होता. मला या खडकातली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. ज्या पाण्याने प्रावरण वितळले, त्यातले काही आजही या काळ्या कणांत बंद आहे.

प्लॅजिओक्लेजकडेही सांगण्यासारखे बरेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या एकाच स्फटिकात आतून बाहेर जाणारे पट्टे दिसतात. गाभ्यात कॅल्शियम जास्त, कडेला सोडियम जास्त. शिलारस थंड होत गेला तसतसा स्फटिकाचा प्रत्येक नवा थर थोड्या वेगळ्या रसायनाचा बनला. काही स्फटिकांत हा क्रम मध्येच उलटतो आणि सोडियमी थरावर पुन्हा कॅल्शियमचा थर चढलेला असतो. त्या वेळी शिलारस साठलेल्या भूगर्भातील कोठीत नवा, जास्त तप्त शिलारस आला असावा किंवा दाब अचानक बदलला असावा, असा अर्थ भूशास्त्रज्ञ त्यातून काढतात. एका मिलिमीटरच्या कणात एका शिलारस-कोठीचा इतका तपशील साठलेला असतो. दुर्दैवाने खडक जुना होऊ लागला की आधी बिघडतो तो हाच कॅल्शियमी गाभा. त्याचे बारीक दुय्यम खनिजांत रूपांतर होते आणि खडकावर हिरवट, निस्तेज छटा येते.

जिथे भूपट्ट खाली जातात किंवा पूर्वी कधी जात होते, त्या पट्ट्यांत डायोराइट सापडतो, बहुधा ग्रॅनोडायोराइट आणि टोनालाइट यांच्या सोबतीने. दक्षिण अमेरिकेतील अँडीज आणि कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा ही ठळक उदाहरणे. लडाखची पर्वतरांग जिच्यावर उभी आहे ती पातालीय खडकांची प्रचंड राशीही अशीच घडली. भारत आणि आशिया यांच्यामधला टेथिस महासागर उत्तरेकडे आशियाखाली गेला, त्या काळातली ती निर्मिती. कॉर्सिका बेटावर त्याचा एक दुर्मीळ आविष्कार मिळतो. तिथल्या डायोराइटमध्ये फिकट आणि गडद खनिजांची एकाभोवती एक वर्तुळे असलेले गोळे आहेत, आणि तो दगड शोभेसाठी नावाजला गेला.

खंडांची सरासरी डायोराइटच्या गटात येते हे समजले, तरी त्यातून एक मोठे कोडे उभे राहते. प्रावरण वितळले की बहुतांशी बॅसॉल्टी द्रव मिळतो. मग खंड बॅसॉल्टी का नाहीत? शिलारसातून वेगळी झालेली लोह-मॅग्नेशियमची जड खनिजे कवचाच्या तळाशी साचली असणार. ती हिशेबात धरली तर सरासरी पुन्हा बॅसॉल्टकडे झुकायला हवी. अनेक संशोधकांच्या मते हा जड तळ कालांतराने सुटून प्रावरणात परत बुडतो आणि वर सिलिकासमृद्ध, हलका भाग उरतो. शिवाय पावसापाण्याने खडक झिजताना मॅग्नेशियम विरघळून समुद्राकडे जाते, त्याचाही थोडा हातभार लागतो. कोणत्या प्रक्रियेचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. चंद्राशी तुलना केली तर पृथ्वीचे वेगळेपण लक्षात येते. चंद्राचे फिकट कवच जवळजवळ निव्वळ प्लॅजिओक्लेजचे आहे. तिथे खाली जाणारे भूपट्ट नाहीत, ओले प्रावरण नाही, आणि डायोराइटच्या पर्वतरांगाही नाहीत.

माणसाने या खडकाची ओळख फार लवकर करून घेतली, आणि ती त्याच्या चिवटपणामुळे. फेल्स्पारची कठिनता मोहसच्या मापनावर ६, हॉर्नब्लेंडची ५ ते ६. तांब्याची मात्र फक्त ३. तांब्या-काशाच्या हत्यारांनी हा दगड कोरणे जवळजवळ अशक्यच. त्यासाठी कठीण दगडांनी ठेचत, वाळूने घासत पुढे जावे लागे. असे असूनही सुमेरमधील (आजच्या इराकच्या दक्षिण भागातील) लगाश या नगरराज्याचा शासक गुडिया याने इ. स. पू. बाविसाव्या शतकात स्वतःचे पुतळे या काळ्या दगडात घडवून घेतले. त्यातल्या एका पुतळ्यावरच्या लेखात म्हटले आहे की हा पुतळा चांदीचा नाही, तांब्याचा नाही, काशाचाही नाही, तो डायोराइटचा आहे. दगड मगन देशातून आणल्याचीही नोंद आहे, आणि मगन म्हणजे बहुधा आजचे ओमान. धातू वितळवून पुन्हा वापरता येतो, या दगडाचे तसे करता येत नाही. ही निवड विचारपूर्वक होती आणि ती योग्यच ठरली. चार हजार वर्षांनंतर त्यांतले बरेच पुतळे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत आणि त्यांच्यावरची अक्षरे वाचता येतात.

प्राचीन वस्तूंच्या बाबतीत ‘डायोराइट’ हे लेबल मात्र जरा जपूनच घ्यावे. हम्मुराबीच्या कायद्यांचा सव्वादोन मीटर उंचीचा शिलास्तंभ दीर्घकाळ डायोराइटचा म्हणून सांगितला गेला, आता तो बॅसॉल्टचा मानतात. इजिप्तचा राजा खाफ्रे याचा सिंहासनावर बसलेला प्रसिद्ध पुतळाही अनेक पुस्तकांत डायोराइटचा आहे. प्रत्यक्षात तो नूबियाच्या वाळवंटातून शेकडो किलोमीटर वाहून आणलेल्या अ‍ॅनॉर्थोसाइट नाइस या रूपांतरित खडकाचा आहे. पेरूमधील कुस्को शहरात इंका कारागिरांनी बांधलेल्या भिंतीतला बारा कोनांचा सुप्रसिद्ध दगड हिरवट डायोराइटचा म्हणून ओळखला जातो. त्याच शहरातल्या इतर इंका भिंतींत जवळच्या खाणीतला अँडेसाइट आहे. खोलवर गोठलेला एक आणि लाव्हातून गोठलेला दुसरा, असे दोघे अँडीजच्याच पोटचे.

आजचे उपयोग साधे आहेत. खडी, रस्त्यांचा पाया, रेल्वेरुळांखालचा थर, बंधारे आणि किनारे यांच्या संरक्षणासाठी टाकलेले मोठे दगड. घनता प्रति घनसेंटिमीटर २.८ ते ३ ग्रॅम, कण एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे मार आणि झीज तो चांगली सोसतो. चकाकी दिलेल्या लाद्या आणि ओट्यांच्या व्यवसायात तो ‘ग्रॅनाइट’ किंवा गडद असेल तर ‘काळा ग्रॅनाइट’ या नावाने खपतो, कारण दगडाच्या व्यापारात कठीण, स्फटिकी असे सगळेच ग्रॅनाइट असते. इंग्लिश खाडीतील गर्नसी बेटाच्या उत्तर भागातून एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर काढलेला फरसबंदीचा दगडही असाच ग्रॅनाइट म्हणवला गेला, पण त्यातला बराचसा डायोराइट होता.

या कुळातल्या शिलारसाची सर्वांत मोठी देणगी वेगळीच आहे. डायोराइट ते ग्रॅनोडायोराइट या टप्प्यातला ओला शिलारस कवचात काही किलोमीटर खोलीवर गोठू लागला की बहुतेक स्फटिक पाणी घेत नाहीत. उरलेल्या द्रवात पाणी वाढत जाते आणि शेवटी ते तप्त, खारट द्रावण होऊन सुटे होते. जाताना ते क्लोरीनच्या मदतीने तांबे आणि गंधक सोबत नेते, वरचा खडक दाबाने फोडते आणि थंड होताच त्या असंख्य बारीक भेगांत तांब्याची खनिजे सोडून देते. या साठ्यांतल्या धातुकात तांबे बहुधा एक टक्क्याहूनही कमी असते, पण साठे इतके अवाढव्य असतात की जगातले निम्म्याहून अधिक तांबे यांतूनच निघते. अँडीजच्या कण्यावर वसलेले चिली आणि पेरू तांब्याच्या उत्पादनात आघाडीवर आहेत ते याच साठ्यांमुळे.