युद्धकाळातील आकाशवाणीचा प्रसारणदिवस (ठाणे परिसर)

देश युद्धात असताना सार्वजनिक नभोवाणीने सकाळच्या संकेतधुनीपासून रात्रीच्या अखेरच्या उद्घोषणेपर्यंत आखलेल्या आणि प्रत्यक्ष प्रसारित केलेल्या कार्यक्रमांच्या क्रमाला युद्धकाळातील प्रसारणदिवस म्हणता येईल. आकाशवाणीच्या परिभाषेत दिवसाचे प्रसारण ‘सभां’मध्ये विभागलेले असते. सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची सभा आणि त्यांच्यामधली शांतता ही रचना भारतीय श्रोत्याच्या अंगवळणी पडलेली होती. युद्ध सुरू झाले की बातमीपत्रे वाढतात, मजकूर अधिक काटेकोरपणे तपासला जातो आणि सरकारी निवेदन किंवा नागरी संरक्षणाची सूचना आली तर चालू गाणेही मध्येच थांबवले जाते. तरीही भक्तिगीते, शेतीविषयक सल्ला, स्त्रियांचे व मुलांचे कार्यक्रम, नाट्यसंगीत हा बाकीचा सांगाडा शक्य तितका जागच्या जागी ठेवण्याकडे कल असतो. युद्धकालीन नभोवाणीबद्दल लिहिताना बहुधा नेत्यांची भाषणे आणि बातम्या यांचाच विचार होतो. वास्तविक ठरलेल्या वेळी ठरलेला कार्यक्रम लागणे हीच श्रोत्याला मिळणारी दिवसातली पहिली बातमी असते, कारण केंद्र शाबूत आहे आणि शहराचा व्यवहार चालू आहे हे त्यातून न सांगता कळते.

प्रस्तुत नोंदीत ठाणे शहर आणि खाडीच्या पूर्वेकडचा, पुढे नवी मुंबई म्हणून वसलेला पट्टा येथील श्रोत्यांच्या संदर्भात दुसरे महायुद्ध आणि डिसेंबर १९७१ मधील भारत-पाकिस्तान युद्ध या दोन काळांचा विचार केला आहे.

ठाणे आणि मुंबई केंद्र

ठाण्याला स्वतःचे नभोवाणी केंद्र नव्हते. येथे ऐकू येई ते मुंबई केंद्र. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या या केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. कंपनी बुडाल्यावर १९३० मध्ये सरकारने प्रसारण ताब्यात घेतले आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. सभा सुरू होण्यापूर्वी वाजणारी, तंबोऱ्याच्या सुरांवर व्हायोलिनची लकेर घेणारी संकेतधून ही याच काळातली असून ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. कॉफमन हे मध्य युरोपातून नाझींच्या छळामुळे मुंबईत आलेले ज्यू संगीतकार होते आणि मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळत होते. पुढे तीन युद्धांत भारतीय घराघरांतून दिवसाची सुरुवात करणारे सूर एका निर्वासिताचे असावेत, ही गोष्ट या नोंदीत आवर्जून सांगण्याजोगी आहे.

मध्यम लहरींवरील प्रसारण दिवसा जमिनीलगत पसरते आणि जमीन जितकी ओली व खारी तितके ते कमी क्षीण होते. मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये खाडी, खाजण आणि मिठागरे यांचा सलग पट्टा असल्याने ठाण्यात मुंबई केंद्र स्पष्ट ऐकू येई. सूर्यास्तानंतर चित्र बदलते. दिवसा मध्यम लहरी शोषून घेणारा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर विरतो, वरच्या थरांवरून लहरी परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटर दूरची केंद्रे कानावर येऊ लागतात. शांततेच्या काळात या गुणधर्मामुळे गाण्यांची चैन होई. युद्धकाळात मात्र रात्री सुई थोडी सरकवली की शत्रूराष्ट्राचे केंद्र लागे, आणि त्यामुळे आपल्या केंद्राने दिवसभर सांगितलेल्या बातमीची परीक्षा रोज रात्री होत असे.

दुसरे महायुद्ध

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. युद्धाचा प्रसारणावर झालेला पहिला परिणाम केंद्रीकरणाचा होता. बातम्यांचे काम दिल्लीत एकवटले, मराठीसह अनेक भारतीय भाषांतील बातमीपत्रे तेथूनच प्रसारित होऊ लागली आणि ऑक्टोबर १९३९ मध्ये पश्तू भाषेपासून परदेशांसाठीच्या प्रसारणाला आरंभ झाला. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने १ सप्टेंबर १९३९ रोजी आपल्या देशांतर्गत सेवा एकत्र करून एकच ‘होम सर्व्हिस’ सुरू केली होती. १९४० मध्ये तेथील निवेदक बातमीपत्राच्या आरंभी स्वतःचे नाव सांगू लागले. आक्रमण झाले आणि केंद्र शत्रूच्या हाती पडले, तर ओळखीचा आवाज आणि नाव यांवरून श्रोत्याला खरेखोटे ताडता यावे, हा त्यामागचा हेतू होता. बी.बी.सी.ने १९४२ मध्ये मराठी प्रसारणही सुरू केले आणि ते युद्धानंतर १९५८ पर्यंत टिकले. लंडनच्या त्या भारतीय विभागात काम करणाऱ्या मराठी व्यक्तींमध्ये वेणू चितळे यांचे नाव महत्त्वाचे आहे.

ठाणे जिल्ह्यात युद्ध डोळ्यांनी दिसत होते. कल्याणजवळ विस्तीर्ण लष्करी छावणी उभी राहिली आणि नेवाळी येथे धावपट्टी बांधण्यात आली. कल्याणच्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. तिचेच १९४९ मध्ये उल्हासनगर असे नामकरण झाले आणि तेथील भाग आजही ‘कॅम्प’ म्हणून क्रमांकाने ओळखले जातात. रेडिओसंच मात्र महाग आणि विरळा होते. परवाना टपाल कार्यालयातून काढावा लागे, त्यामुळे रेडिओ ऐकणे हे बहुतेकांसाठी दुसऱ्याच्या ओटीवर किंवा दुकानासमोर उभे राहून करावयाचे सामूहिक काम होते.

सरकारी प्रसारणाला याच काळात मुंबईतून आव्हान मिळाले. भारत छोडो आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना ठावठिकाणा लागू नये म्हणून प्रक्षेपक एका जागेहून दुसऱ्या जागी हलवत ठेवला जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी कार्यकर्त्यांना अटक होईपर्यंत हे केंद्र चालले. जर्मनीतून सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद रेडिओचे प्रसारण होत असे आणि त्यात मराठीचाही समावेश होता. एकाच संध्याकाळी, एकाच संचावर, एकाच घटनेच्या तीन परस्परविरोधी हकिगती ऐकण्याची शक्यता मराठी श्रोत्यासमोर प्रथमच आली ती अशी.

सरकारी नभोवाणीचे सर्वांत मोठे अपयश १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटाच्या वेळी दिसले. दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या स्फोटके आणि कापूस वाहून नेणाऱ्या जहाजाचा स्फोट झाला. त्याचा हादरा शिमल्याच्या भूकंपमापकावरही नोंदला गेला. शेकडो माणसे मरण पावली आणि हजारो बेघर झाली. तरीही सेन्सॉरमुळे वार्ताहरांना सविस्तर वृत्त पाठवण्याची मुभा मिळण्यास मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला, आणि जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने मात्र १५ एप्रिललाच ही बातमी तपशिलाने दिली होती. कुर्ला, भांडुप, ठाणे या रेल्वेमार्गावरच्या वस्त्यांतून गोदीत रोज कामाला जाणारी माणसे होती. ज्यांचे नातेवाईक घरी परतले नव्हते त्यांना आपल्याच शहरातील संकटाची हकिगत शत्रूच्या केंद्राकडून मिळावी, हे कोणत्याही लष्करी गरजेच्या नावाखाली समर्थनीय ठरत नाही. घटना सर्वांना ऐकू गेलेली असताना बाळगलेले मौन शत्रूपासून काही लपवत नाही. ते केवळ स्वकीयांचा विश्वास घालवते.

डिसेंबर १९७१

१९७१ पर्यंत ठाण्याचे स्वरूप पालटले होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, येथे उभी राहिली होती. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायन कारखाने आले होते. मर्फी रेडिओचा कारखानाही ठाण्यातच होता. ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ भिंतीवरच्या फळीवरून उतरून खिडकीत, दुकानाच्या गल्ल्यावर आणि खाडीत जाणाऱ्या होडीत पोहोचला होता. नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली असली, तरी वाशी, तुर्भे, बेलापूर ही अद्याप आगरी-कोळ्यांची गावेच होती आणि खाडीवरचा पूल व्हायचा होता. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यामुळे या युद्धाची वार्ता ठाणेकरांपर्यंत पोहोचवणारी साधने दोनच होती: सकाळचे वर्तमानपत्र आणि दिवसभराचा रेडिओ.

शुक्रवार ३ डिसेंबर रोजी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला, आग्रा, जोधपूर आदी ठिकाणच्या विमानतळांवर हल्ले केले. पंतप्रधान इंदिरा गांधी त्या दिवशी कलकत्त्यात होत्या. त्या दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्र उलटल्यानंतर त्यांनी आकाशवाणीवरून राष्ट्राला उद्देशून भाषण केले. एरवी त्या वेळी सभा संपून संच बंद झालेले असत. त्या रात्री ते चालू राहिले.

पुढच्या दोन आठवड्यांत ठाण्यातील संध्याकाळ काळोखात गेली. खिडक्यांच्या काचांना काळे किंवा खाकी कागद चिकटवले गेले, वाहनांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने झाकला गेला, आणि गृहरक्षक व नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक गल्लीतून फिरत ‘दिवा बंद करा’ म्हणून ओरडू लागले. भोंग्याचा चढउताराचा आवाज म्हणजे धोका आणि एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला, हा भेद मुलांनाही पाठ झाला. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या) संचाच्या तबकडीतला पिवळा उजेड आणि केंद्र नीट लागल्याचे दाखवणारा हिरवा डोळा बाहेर दिसू नये म्हणून संचावर टॉवेल टाकण्याची रीत होती. दिवे विझवलेल्या घरात वाचणे, शिवणे, अभ्यास करणे यांपैकी काहीच शक्य नसते, आणि म्हणून संध्याकाळची सभा या काळात जितक्या एकाग्रतेने ऐकली गेली तितकी क्वचितच कधी ऐकली गेली असेल.

या दिवसांतील कार्यक्रमपत्रिकेचा पाया नेहमीचाच होता. सकाळी संकेतधून, वंदे मातरम्, भक्तिसंगीत. दुपारी गृहिणींसाठी ‘वनिता मंडळ’. कामगारांसाठी ‘कामगार सभा’, जी वागळे इस्टेटसारख्या पाळ्यांवर चालणाऱ्या वस्तीत विशेष ऐकली जाई. रात्री हिंदी आणि नऊ वाजता इंग्रजी बातम्या. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकांतील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी (प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर) ही त्या दशकांतील मराठी घरांना शेजाऱ्यांइतकी परिचित माणसे होती. भावातली वाढ, रांगा आणि टंचाई यांविषयी घरगुती बोलीत बोलण्याची जी सवय अशा कार्यक्रमांनी श्रोत्यांना लावली होती, तिच्यामुळे संरक्षणविषयक सूचना देणारा आवाजही परका वाटला नाही.

विविध भारतीवरील सैनिकांच्या फर्माइशींचा ‘जयमाला’ हा कार्यक्रम युद्धकाळात वेगळ्याच अर्थाने ऐकला गेला. सैनिकांच्या पत्त्यात गावाचे नाव नसते; ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ (ए.पी.ओ. म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) एवढाच उल्लेख असतो, आणि पहिला क्रमांक पश्चिमेकडील तर दुसरा पूर्वेकडील तुकड्यांच्या टपालाचा. ज्या घरातला मुलगा आघाडीवर होता त्या घरी गाण्यापेक्षा गाण्याआधी वाचल्या जाणाऱ्या नावांकडे कान असत. याच विविध भारतीवर मुंबईत नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या होत्या.

रात्री सुई फिरवणारा श्रोता सायंकाळच्या बातम्या बी.बी.सी. आणि पाकिस्तान रेडिओ यांच्याशी ताडून पाहत असे. या वेळी १९४४ ची पुनरावृत्ती झाली नाही. पूर्व आघाडीवरील घडामोडींबाबत आकाशवाणीचे सांगणे परदेशी वार्ताहरांच्या वृत्तांशी मोठ्या प्रमाणात जुळत गेले, आणि विश्वास बसला तो यामुळे. केवळ आवाहनांनी तो बसला नसता. कलकत्ता केंद्रावरून देवदुलाल बंद्योपाध्याय यांनी वाचलेली बंगाली वृत्ते सीमेपलीकडे लाखो लोक ऐकत होते. मार्चमध्ये चितगावच्या कालूरघाट येथून सुरू झालेले आणि नंतर कलकत्त्यात आश्रयाला आलेले स्वाधीन बांगला बेतार केंद्र, म्हणजे बांगलादेशाच्या मुक्तिलढ्याचे नभोवाणी केंद्रही चालू होते. भारताचे लष्करप्रमुख जनरल सॅम माणेकशा यांनी पूर्वेकडील पाकिस्तानी सैन्याला शरणागतीचे केलेले आवाहन आकाशवाणीवरून प्रसारित झाले. ते ठाण्यातील श्रोत्यासाठी नव्हते, पण त्याने ते ऐकले, आणि शत्रूच्या सैनिकाला सन्मानाने वागवण्याचे वचन आपल्या वतीने दिले जात आहे हे त्याला कळले.

गुरुवार १६ डिसेंबर रोजी दुपारी ४ वाजून ३१ मिनिटांनी ढाक्यात लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली. इंदिरा गांधींनी लोकसभेत ढाका आता स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी असल्याचे सांगितले, आणि ती बातमी आकाशवाणीने पोहोचवली तेव्हा ठाण्यात दिवेलागणीची वेळ होत आली होती, जरी दिवे लावावयाचे नव्हते. पश्चिम आघाडी अद्याप पेटलेलीच होती. विजयाची वार्ता ऐकलेल्या गल्ल्यांत त्या रात्रीही काळोखच पाळला गेला. एकतर्फी युद्धबंदी अमलात आली ती १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता, म्हणजे संध्याकाळची सभा चालू असताना आणि नऊच्या इंग्रजी बातम्यांना एक तास बाकी असताना. काचांवर खळीने चिकटवलेले कागद मात्र सहज निघत नसल्याने ठाण्यातील पुष्कळ खिडक्यांवर ते पुढेही दिसत राहिले.