कोलाडच्या राफ्टिंगमागचं अवजल

ठाण्याहून कोलाडला राफ्टिंगला जाणाऱ्या गाड्या पहाटे अंधारातच निघतात. पनवेल, वडखळ, नागोठणे करत सकाळी कुंडलिकेवर पोचावं लागतं, कारण पाणी सकाळी सुटतं आणि होड्या त्याच पाण्यावर चालतात. (मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाबद्दल इथे न बोललेलंच बरं.) ऐन मे महिन्यात, आसपासच्या ओढ्यांत दगडगोटे उघडे पडलेले असताना ही नदी मात्र खळाळत असते आणि कयाक शिकायला आलेली पोरं तिच्या फेसाळ पाण्यात उलटीपालटी होत असतात. उन्हाळ्यातलं हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच.

ते आहे मुळेचं. मुळा सह्याद्रीच्या माथ्यावरून पुण्याकडे वाहते आणि भीमा, कृष्णा करत तिचं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. तिला घाटमाथ्यावरच अडवून पाणी पश्चिमेला, कोकणात उतरवलं तर पाचशेएक मीटरचा उतार आयता मिळतो. टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये याच तत्त्वावर वीज सुरू केली होती. मुंबईच्या गिरण्यांची भूक वाढत गेली, तशी पुढची नजर मुळेच्या काठच्या मुळशीवर गेली.

तिथे मात्र गाठ मावळ्यांशी पडली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातले शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्यानं दिली. शेतकऱ्यांत फूट पडली ती पैशाच्या बाजूनं: बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या आणि त्यांना मोबदला चालणार होता. कसणाऱ्या कुळाच्या हाती त्यातलं फारसं काही पडणार नव्हतं. बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, शेवटची शिक्षा सात वर्षांची होती. लढा हरला. गावं पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. आज राफ्टिंगच्या जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ असं वाचलं की मला हा भाग हमखास आठवतो.

टर्बाइन फिरवून बाहेर पडणाऱ्या पाण्याला पाटबंधारेवाले अवजल म्हणतात. भिऱ्याचं अवजलही वाया जात नाही. त्यावर सरकारचं ८० मेगावॅटचं आणखी एक वीजघर चालतं, मग ते कुंडलिकेत उतरतं, आणि खाली डोलवहालच्या बंधाऱ्यावर पुन्हा अडवून कालव्यांनी शेतीकडे वळवलं जातं. राफ्टिंगचा बारा-तेरा किलोमीटरचा टप्पा या वीजघराच्या खालचा. पाणी सुटायच्या आधी काठावरचे खडक कोरडे ठाक असतात. थोड्याच वेळात त्यांची टोकं तेवढी दिसतात आणि गाइड ‘फॉरवर्ड, फॉरवर्ड’ ओरडायला लागतो.

गेल्या वीसेक वर्षांत या पाण्यावर काठच्या गावांतल्या पोरांना गाइडचं काम मिळालं, घरगुती जेवणावळी उभ्या राहिल्या. तिकडे भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की टाटांच्या धरणांतलं पाणी परत पूर्वेला सोडा, ही मागणी उठते. ती पूर्ण झाली, तर कोलाडच्या होड्यांचं पाणीही तितकंच घटेल. तूर्तास वेळापत्रक वीजघराच्या हातात आहे: वीजनिर्मिती बंद, तर राफ्टिंगही बंद. म्हणून निघण्याआधी आदल्या रात्री एक फोन करून पाणी सुटणार का, ते विचारून घ्यावं.